फिरणाऱ्याचं गणित

वडिलांच्या अंगाखालची चादर बदलायला ताईने त्यांना एका कुशीवर वळवलं. सकाळपासूनची ही तिसरी चादर. तिची कंबर भरून आली होती. दोन दिवसांसाठी आलेला भाऊ खुर्चीत अंग टाकून बसला होता.

"तुझं बरं आहे ताई, घरातच असतेस. माझे तीन महिने पाण्यात गेले."

"का रे, काय झालं?" पलंगाला वळसा घालून ती दुसऱ्या बाजूला गेली.

"स्वतःभोवती गरगरणारं कृष्णविवर असतं ना, त्याच्या अगदी जवळून किती प्रकाश सुटतो, ते काढत होतो. दरवेळी उत्तर एकच, जवळपास सगळा आतच जातो. सरांनी एका नजरेत चूक पकडली. प्रकाश देणारा पदार्थ मी एका जागी उभा धरला होता. तो तर विवराभोवती जीव तोडून फिरत असतो! त्या फिरण्याच्या जोरावरच प्रकाश पुढे फेकला जातो आणि निम्म्याहून जास्त बाहेर निसटतो."

ताईने वडिलांना परत वळवलं, चादर ताणली आणि चौथा कोपरा खोचला.

"आणि तो पदार्थ? तो सुटतो?"

"छे, तो फिरतच राहतो. पण त्याच्याकडे कोण बघतंय? आम्हाला प्रकाशाशी मतलब."

ओली चादर बादलीत टाकून ताई फडकं घेऊन आली.

"ही चूक जुनीच आहे तुझी," ती म्हणाली. "पाय वर घे, खाली पुसायचंय."