बर्फावरचे डाग

पासपोर्टच्या चौकशीला पोलीस येऊन गेल्यापासून सुंदररावांचा लेकीवरचा विश्वास उडाला होता. नेपच्यूनच्या बर्फाळ चंद्रावरची हवा शिकायला चकलांब्याची पोरगी परदेशात कशाला जाईल? यात नक्की कुण्या पोराची भानगड असणार.

अंगणात पांढऱ्या धोतरावर कुरडया वाळत होत्या. सायली राखण करीत बसली होती. सुंदररावांनी शेजारी बाज ओढली.

"त्या चंद्रावर कुणी गेलतं का?"

"न्हाई आबा. एक यान जवळून गेलं, तेबी एकदाच."

"मग तिथं वारं हाय, हे कुणी सांगितलं?"

"हवा लई विरळ हाय. पण खालून उसळलेली काळी धूळ बर्फावर पडती. सगळे डाग एकाच अंगाला लांबलेले दिसले, की वारं कुठून आलं ते कळतं."

"नुसत्या डागांवरनं? थापा मारू नको."

सायली धोतराकडं बघत राहिली. कुरडयांवर काळे कण पडले होते, त्यांची रांग थेट न्हाणीच्या चुलीकडून आली होती. एका कुरडईला जाड निळ्या पुठ्ठ्याचा जळका तुकडा चिकटला होता. तिनं तो नखानं सोडवला.

"आबा, माझा पासपोर्ट कावून जाळला?"