सोडा कुणी ओतला?

"आईशप्पथ, मॅडम. या वेळी मी सोडा नाही ओतला."

बोटीवरची प्रयोगशाळा हसून लोळायची बाकी राहिली. मागच्या फेरीलाही बिलंदरनं आईचीच शपथ घेतली होती. तळाच्या पाण्याच्या बाटलीत गुपचूप सोडा ओतला होता पठ्ठ्यानं. कारखान्यांचा कार्बन वायू समुद्रतळाखाली पंपानं कोंबतात, तो गळतोय म्हणून बोंबाबोंब. पंप बंद, साहेबांची धावपळ. आणि मग यानं खिशातून सोड्याच्या बाटलीचं झाकण काढून मॅडमच्या टेबलावर ठेवलं होतं.

आज बिलंदर हसत नव्हता.

"आकडे बघा ना. तळातल्या जिवांच्या श्वासानं कार्बन वाढला, तर ऑक्सिजन घटायला हवा. इथं ऑक्सिजन आहे तेवढाच आणि कार्बन चढलाय. हा कुणाचा श्वास नाही, मॅडम. वर बुडबुडा दिसणार नाही, वाटेतच पाण्यात विरतो; पण खालून गळतंय."

"का वरून?" इंजिनवाला म्हणाला. "सोडा ओतला की अस्सेच आकडे येतात. तूच तर शिकवलंस, गुरुजी!"

इंजिनवाल्याचं बरोबर होतं. पाण्याला काय, गळती आणि सोडा सारखेच.

"मग दुसरी बाटली भरू. तुम्ही भरा. मला दोरीनं बांधून ठेवा हवं तर."

"बोट कधीच किनाऱ्याकडे वळलीय," मॅडम म्हणाल्या. "साहेब पंप दुप्पट जोरानं लावायला खोळंबलेत. पुन्हा माझं हसं करून घेऊ?"

"दुप्पट जोर लावला तर गळतंय ती खडकातली भेग आणखी फाटेल हो! शेजारच्या खाडीत माझ्या ताईची कालवं आहेत. या वायूनं पाणी आंबलं की पिल्लांना कवचच धरत नाही. घर चालतं तिचं त्याच्यावर."

"मागच्या खेपेला आजारी मामा होता," इंजिनवाल्यानं डोळा मारला. "आता ताई निघाली."

मामा खोटा होता. ताई खरी होती. पण आता कुठल्या तोंडानं सांगणार?

मॅडमनी वायरलेस उचलला. "पाणी ठीक आहे. करा सुरू."

बिलंदर मटकन स्टुलावर बसला. डोळे पुसायचंही भान राहिलं नाही त्याला.

मॅडमनी फ्रिज उघडला आणि सोड्याची एक थंडगार बाटली फोडून त्याच्या हातात दिली.

"घे. बक्षीस. डोळ्यांत पाणी काय आणलंस रे! क्षणभर मीसुद्धा फसले होते."

इंजिनवाल्यानं टाळ्या पिटल्या.

बिलंदर बाटली धरून खिडकीपाशी गेला. बाटलीच्या तळातून बुडबुडे निघत होते, सरसर वर येत होते.

बाहेर समुद्रावर एकही नव्हता.