बुकिंगमधलं नाव

मी आणि बजरंग दोन वर्षांपासून त्या ट्रिपचं ठरवत होतो. केरळच्या जंगलातली नदी, सोबत तिथला गाइड, मांडीएवढा महसीर मासा गळाला लावायचा, फोटो काढायचा आणि परत पाण्यात सोडायचा. "सोडायचाच हाय तर धरता काहून?" बायको विचारायची. गाइडचा नियम कडक होता. बुकिंगमधलं नाव बदलता येणार नाही, माणूस वारला तरच.

निघायच्या चार दिवस आधी बजरंग शिरड शहापूरहून माझ्या घरी आला. "तिकडं नदीला पूर आलाय रत्नपाल, ट्रिप रद्द झाली. तुझी काठी दे, तवर गावच्या तळ्यावर गळ टाकून बघतो." मी काठीला नवी दोरी लावून, कव्हरात घालून दिली.

महिन्याभरानं पुढच्या तारखा विचारायला मी स्वतःच गाइडला फोन लावला. "हिंगोलीहून रत्नपाल बोलतोय," म्हणालो. त्यानं माझं नाव दोनदा विचारून घेतलं.

 

मग चाचरत म्हणाला, "पण तुमचे मित्र आणि त्यांचे मेहुणे येऊन गेले ना, तुमच्याच काठीनं धरलेला मासा त्यांनी तुमच्या नावानं नदीत सोडला, आम्ही सगळे दोन मिनिटं स्तब्ध उभे राहिलो."