बदलायच्या भागांची यादी

महासंगणक रोज सकाळी दहाला यादी काढायचा. येत्या आठ दिवसांत त्याचे कोणते भाग बंद पडणार, ते त्यात असायचं. अकरा वर्षांत ती एकदाही चुकली नव्हती. सुरुवातीला त्याची देखभाल बघणाऱ्या खांडेपारकरांनी एकदाच ती मानली नाही, तेव्हा अख्ख्या राज्याचे पुराचे अंदाज दोन दिवस ठप्प झाले होते. तेव्हापासून त्यांचा एकच नियम होता. यादीत आलं की बदलायचं, काढलेल्या भागावर पिवळी चिठ्ठी चिकटवून तारीख घालायची आणि तो मागच्या मांडणीवर ठेवून द्यायचा.

आज तो नियम ते नव्यानं रुजू झालेल्या केतकी भडसावळेला शिकवत होते. जागा रिकामी नसताना ती आली कशी, हे त्यांना कळत नव्हतं. नेमणुकीचं पत्र महासंगणकानंच पाठवलं, असं ती म्हणाली.

"हा थंड पाण्याचा पंप तर छान चालतोय, सर."

"यादीतलं सगळं काढताना चालतच असतं. विचार करत बसायचं नाही. पुढचं वाच."

केतकीनं वाचलं आणि कागदावरून नजर वर करून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी कागद ओढून घेतला. पंपाच्या खाली छापलं होतं: विश्राम खांडेपारकर, मुख्य अभियंता. नवा भाग हजर.

"काहीतरीच! मला काय धाड भरलीय?" ते हसले. "परवाच तपासणी झाली, ठणठणीत आहे मी."

केतकी हसली नाही. तिनं मांडणीवरच्या धडधाकट पंपांकडे पाहिलं, एक पिवळी चिठ्ठी काढली आणि हळूच विचारलं, "आजचीच तारीख घालू ना, सर?"