रिकामा खिळा

"लिंबू-मिरची कुणी काढली?" टेस्टच्या मशीनमागचा रिकामा खिळा बघून पोंक्षेसर कडाडले.

"मीच," शाल्मली म्हणाली. "कोडमधल्या जुन्या तपासण्यासुद्धा."

सर मटकन खुर्चीत बसले. संगणकात कुणाला सोडायचं, ते ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यातला हा कोड ठरवायचा. दर बगला, म्हणजे कोडमध्ये सापडलेल्या चुकीला, कुणीतरी नवी तपासणी चिकटवलेली. त्या एकमेकींत अडकून मशीन बंद पडायचं. तरी त्यांना हात लावायची हिंमत कुणातच नव्हती. शाल्मलीने एकच नेटकी तपासणी ठेवली होती, आणि उद्या हे ग्राहकांकडे जाणार होतं.

तिने टेस्ट सुरू केली. खोटे घुसखोर दारातच अडले, हक्काचे आत गेले, मशीन चालतच राहिलं.

"हुश्श!" सरांनी घाम पुसला. शाल्मली खिळा उपटायला गेली.

"राहू दे गं. कॅलेंडर लावू. आता सुट्ट्या बघता येतील."