चिंबोरी विरुद्ध घोरपड

दाभोशाहून जव्हारला निघालेल्या जीपच्या मागच्या बाकावर कॉलेजची दोन पोरं फाशावरचा प्राण्यांच्या लढाईचा खेळ खेळत होती. पंकजची तीन तोंडांची घोरपड मरायला टेकली होती. सपनाची उडती चिंबोरी, म्हणजे पंख फुटलेला खेकडा, आधी वाराची चाल करायची, मग बचावाची, मग समोरच्याला झोपवून टाकायची. दप्तरावर टाकलेला फासा खड्डा आला की उडून पंकजच्या मांडीवर यायचा.

त्याचं खेळात लक्षच नव्हतं. काल त्याने धीर करून विचारलं होतं, "माझ्याशी लग्न करशील?" सपना म्हणाली होती, "उद्या जीपमध्ये सांगते." आता जव्हारचा डेपो दिसू लागला, तरी हिची चिंबोरी काही दमेना.

"शेवटची चाल," सपना म्हणाली. "औषधाची. तुझ्या घोरपडीला."

एवढ्या काळजीतही पंकजला हसू फुटलं. "अगं येडे, औषधाची चाल शत्रूवर नाय चालत! औषध फक्त आपल्या माणसाला देता येतं."

जीप डेपोत थांबली तशी सपनाने फासा त्याच्या खिशात टाकला आणि जीपमधून उडी मारली.

"मग मी तेच सांगतेय ना, येड्या!"