लिगायाला हाक

“खिडकी लाव, गार वाटतंय,” मिलाग्रोस माइकसमोर म्हणाली आणि कागदावरच्या पुढच्या वाक्याकडे वळली. “मला तहान लागलीय.” “जरा पाय दाबून दे.”

समोर बसलेली उल्का एकेका वाक्यापुढे खूण करत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मिलाग्रोसच्या घशातलं स्वरयंत्र काढायचं होतं. कॅन्सरने त्यात वाचवण्यासारखं काही ठेवलं नव्हतं. यापुढे तिला बोलायचं असलं की टॅबवरच्या चौकटीवर बोट ठेवायचं, आणि आज साठवलेला तिचाच आवाज ते वाक्य बोलणार. जाणारे आवाज असे आधी साठवून ठेवणं हे उल्काचं सिंगापूरच्या या हॉस्पिटलातलं काम. पुण्याहून येऊन तिला सात वर्षं झाली होती. इतक्या वर्षांत कुणाच्या शेवटच्या वाक्यांना दारात नर्सेसची गर्दी झालेली तिने पाहिली नव्हती.

नर्सेस फिलिपिन्सच्या. त्यांच्या देशाला मिलाग्रोसने पंचेचाळीस वर्षं सिनेमांतून हसवलं होतं. कधी मोलकरीण, कधी भांडकुदळ शेजारीण. नायिका रडत असताना मागे धपकन पडायचं ते हिनेच. पडून पडून तिचा एक गुडघा कायमचा अधू झाला होता. आणि ती हाक! एका सिनेमात ती मासेवाली होती आणि पळून गेलेल्या मुलीला हाक मारायची होती. लिहिणाऱ्याने मुलीला नावच दिलं नव्हतं. कॅमेरा सुरू झाला आणि मिलाग्रोसच्या तोंडून घरी पाळण्यात असलेल्या स्वतःच्या मुलीचं नाव गेलं. “लिगाऽऽऽया!” शेवटी आवाज कोंबडीसारखा चिरकला. लोकांनी थिएटर डोक्यावर घेतलं. पुढे तिच्या प्रत्येक सिनेमात ती हाक घालावीच लागली. बाजारातल्या बायकांनी ती उचलली, बसच्या कंडक्टरांनी उचलली, आणि शाळेतल्या पोरांनीही.

ती लिगाया आता खिडकीपाशी उभी होती. बेचाळीस वर्षांची, इथल्याच बिशान भागातल्या एका बालवाडीत शिकवणारी. तिथे तिला सगळे जॉय म्हणत. बाविसाव्या वर्षी मनिला सोडताना ती आपलं नावही तिथेच ठेवून आली होती. आई भेटायला आली की ती विमानतळावर आणायला जाई, वेळेवर नेऊन सोडी, आणि मधल्या दिवसांत दोघी जेवणाखाणाबद्दल बोलत.

वाक्यं संपली.

“तुमच्या मनातलं काही ठेवायचंय, आंटी?” उल्काने विचारलं. “कुणाचं नाव वगैरे?”

मिलाग्रोसने माइक जवळ ओढला. “लिगाऽऽऽया!”

दारात हशा पिकला. एक नर्स तोंडावर हात धरून वाकली. लिगायाने पाठ फिरवली.

“नाही, नाही, तशी नाही,” मिलाग्रोस घाईने म्हणाली. “ती पुसून टाका, मॅम. मी पुन्हा घेते.”

दुसऱ्यांदाही तीच आली. तिसऱ्यांदा तिने डोळे मिटले, दम घेतला, अगदी हळू सुरुवात केली. पण ‘गा’पाशी पोचताच आवाज आपोआप वर चढला आणि चिरकला. उल्काने उठून दार लावून घेतलं. मिलाग्रोस म्हणत राहिली. मान खाली घालून, भिंतीकडे तोंड करून, कुजबुजत. कुजबुजही चिरकली.

“साधी कुणी मागितलीच नाही हो इतक्या वर्षांत,” ती म्हणाली आणि सवयीने हसली. हसू अर्ध्यावर खोकल्यात गेलं.

“नाय,” खिडकीपासून आवाज आला. उल्काच्या मराठी कानाला तो आधी नकारच वाटला. त्यांच्याकडे आईला तसं म्हणतात, हे तिला मागाहून आठवलं.

“घरी कशी मारायचीस?” लिगायाने विचारलं. “घरी मारत असशीलच ना मला हाक. तशी मार.”

मिलाग्रोसने माइक थोडा दूर सरकवला.

“शूटिंगवरून मी यायचे तेव्हा तू झोपलेली असायचीस,” ती म्हणाली. “उठशील म्हणून मारायचेच नाही.”

उल्काने यंत्र थांबवलं. तिने हळूच विचारलं, “मग कुठली ठेवू? अजून एकही पुसली नाहीये.”

“पहिली,” लिगाया म्हणाली. “दुसरी नाहीच आमच्याकडे.”

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी दुपारी उल्का टॅब घेऊन खोलीत गेली. मिलाग्रोस उशांना टेकून बसली होती. नाकात नळी, गळ्याच्या खालच्या अंगाला श्वासासाठी पाडलेलं भोक. चेहरा सुजलेला. उल्काने टॅब तिच्या मांडीवर ठेवला आणि एकेक चौकट दाखवली. ही तहानेची, ही खिडकीची, ही पायांची. सगळ्यात खाली लिगायाची.

लिगाया तेवढ्यात बालवाडीतून आली. तिच्या बाहीला मुलांचे रंग लागले होते. ती पलंगाच्या पायथ्याशीच थांबली.

मिलाग्रोसचं बोट टॅबवरून खाली खाली सरकत शेवटच्या चौकटीपर्यंत गेलं. तिथे ते थबकलं. मग तिने टॅब उचलून बाजूला ठेवला, मुलीकडे पाहिलं आणि नुसते ओठ हलवले. जीभ दातांमागे टेकली, जबडा उघडला, पुन्हा थोडा उघडला. आवाज कसलाच आला नाही. वर चढायला आता काही नव्हतं, चिरकायलाही काही नव्हतं.

लिगायाने ओ दिली.